कागदामागचा इतिहास : कर्डे, सुपे आणि ‘पार्श्वभूमी तपासणी’चे दोन कायदे

#धागा #इतिहास

१/
रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागते, दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत यादीत नाव येते, आणि मग एक कागद मागितला जातो : पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला. तुमच्यापैकी अनेकांनी तो अर्ज भरला असेल. त्या दाखल्यातून माणसाविषयी नेमके काय कळते? या प्रश्नाचे एक उत्तर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या इतिहासात सापडते. आजचा धागा त्याविषयी आहे.

२/
आरंभीच एक शब्द लक्षात ठेवा : ‘इतिहास’. इंग्रजी अमलातील दोन कायद्यांनी माणसाचा पूर्वेतिहास तपासण्याची व्यवस्था केली. एकाने न्यायाधीशाला सांगितले की कागदावर थांबू नका, व्यवहाराच्या मुळापर्यंत जा. दुसऱ्याने सांगितले की सरकारने एकदा शिक्का मारला की तो योग्य की अयोग्य हे न्यायालयाने विचारूच नये. पहिला कायदा आपल्या भागातील एका उठावातून जन्मला. दुसऱ्याची छाया आपल्या भागातील अनेक वस्त्यांवर अजून आहे.

३/
थोडा भूगोल. आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. ज्या सुपे गावाचे नाव पुढे येईल तेही तेव्हा भीमथडीत होते. आज ते बारामती तालुक्यात आहे. उत्तरेला घोडनदीच्या काठी शिरूर. पाऊस बेताचा, जमीन पुष्कळशी हलकी, आणि पीक गेले तरी शेतसारा मात्र रोख रकमेत भरायचा. ही रोकड गावात एकाच ठिकाणी मिळे : सावकाराच्या पेढीवर.

४/
पुणे जिल्ह्यातील रयतवारी जमाबंदी इंदापूरपासून सुरू झाली होती. तिची तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६६-६७ पासून फेरआकारणी होऊ लागली आणि सारा पुष्कळ वाढला. त्याआधीची काही वर्षे तेजीची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मागे राहिले, आणि नवे कर्ज मिळणेही अवघड झाले.

५/
आता कागदाकडे वळू. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू चांगला होता : व्याज वर्षानुवर्षे साचू नये. प्रत्यक्षात उलटे घडले. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. त्यात जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई, आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होई.

६/
गणित करून पाहा. समजा कुणी ५० रुपये दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने घेतले आणि काहीच फेडले नाही. तीन वर्षांचे व्याज ३६ रुपये. नवा रोखा ८६ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी सुमारे १४८ रुपयांचा. नऊ वर्षे पूर्ण होताना सुमारे २५४ रुपयांचा. या शेवटच्या रोख्यावर ५० चा आकडा कुठेच नाही. न्यायालयासमोर येतो तो हाच कागद. खाली शेतकऱ्याची निशाणी असते. जुन्या कागदांत कुणब्याची निशाणी म्हणजे पुष्कळदा नांगराचे चित्र.

७/
त्या निशाणीचा अर्थ कायद्याच्या दृष्टीने स्पष्ट होता : ही रक्कम मला मान्य आहे. लिहिणारा कोण होता, वाचून दाखवले का, हातात प्रत्यक्ष किती रुपये पडले, हे विचारण्याचे कारण दिवाणी न्यायालयाला सहसा वाटत नसे. पुष्कळ दाव्यांत शेतकरी हजरच नसे आणि निकाल एकतर्फी लागे. कागदानुसार तो ‘२५४ रुपये घेऊन बुडवणारा’ ठरे. पार्श्वभूमीची तपासणी झाली होती. ती शेवटच्या पानावर थांबली होती, एवढेच.

८/
डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातील कर्डे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे १५० रुपयांच्या कर्जापोटी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावात मान असलेल्या माणसाचे घर सर्वांच्या डोळ्यांदेखत पडत होते. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्या दुकानातून कुणी माल घेईना, त्याची शेते कुणी कसेना, बलुतेदारांनी त्याचे काम सोडले. बहिष्काराचे हे लोण आसपासच्या गावांत पसरले.

९/
पाच महिन्यांनी बहिष्काराचे रूप पालटले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासची रयत जमली आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेली. पुढील काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हेच घडले. सैन्य बोलवावे लागले. ९५१ जणांना अटक झाली. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

१०/
या दंग्यांत लोकांनी मागितले काय? कर्जरोखे, खाती, हुकूमनामे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले तिथे बहुधा मारहाण झाली नाही. कागदांची होळी करून लोक परतले. जिथे त्याने नकार दिला तिथे हिंसा झाली, घरे आणि गंजी जळाल्या. अक्षरओळख नसलेल्या माणसांना आपल्या दुःखाचा पत्ता अचूक ठाऊक होता. आपली जी ओळख न्यायालयात आपल्याविरुद्ध बोलते ती त्या बासनात बांधलेली आहे, हे त्यांनी ओळखले होते.

११/
इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रोष जवळजवळ सर्वस्वी मारवाडी आणि गुजराती सावकारांवर निघाला. ज्या गावांत अन्य जातींचे लोकही सावकारी करत तिथे त्यांना बहुधा कुणी हात लावला नाही. म्हणजे कागदाने केलेल्या अन्यायाविरुद्ध उठलेल्या रयतेनेही माणसाचा व्यवहार तपासण्याऐवजी त्याचे मूळ पाहिले. हा धागा रयतेच्या बाजूने लिहिताना मला हे वाक्य गाळता आले असते. गाळले असते तर पुढचे लिहिण्याचा अधिकार राहिला नसता.

१२/
सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. आयोगाने दोषाचा मोठा वाटा सावकारीवर आणि सावकाराच्या हाती शस्त्र देणाऱ्या दिवाणी कायद्यांवर टाकला. वाढलेल्या साऱ्याची जबाबदारी मात्र सरकारने स्वतःकडे फारशी घेतली नाही. तेव्हा हा अहवाल वाचतानाही तोच नियम लावावा लागतो : लिहिणारा कोण आणि त्याला काय लपवायचे आहे? तरीही त्यातून एक असामान्य कायदा निघाला.

१३/
१८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्याचे बारावे कलम इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. त्याचा आशय असा : शेतकऱ्याविरुद्ध कर्जाचा दावा आला की, त्याने बचाव मांडला असो वा नसो, न्यायालयाने दोन्ही पक्षांमधील व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, फसवणूक, चूक किंवा गैरवाजवी दडपण झाले होते का ते पाहावे आणि हिशेब नव्याने मांडावा.

१४/
‘इतिहास’ हा शब्द मी घातलेला नाही. मूळ इंग्रजी कलमात त्याच अर्थाचा शब्द आहे. पुढील कलमाने हिशेबाची रीत सांगितली : मुद्दल वेगळे, व्याज वेगळे, व्याजाचे मुद्दल केलेले असेल तर ते साधारणतः धरायचे नाही, आकारणी सरळ व्याजाने. आपल्या उदाहरणातील शेतकरी आता न्यायालयात उभा राहिला असता, तर २५४ रुपयांच्या कागदामागून ते मूळचे ५० रुपये पुन्हा वर आले असते. तपासणी तीच, माणूस तोच. खोली बदलली आणि निष्कर्ष बदलला.

१५/
कायद्याने आणखी काही गोष्टी केल्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकणे बंद झाले. तंटे दाव्याआधी मिटावेत म्हणून सलोखा करणारे अधिकारी आले. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्यात मोबदला स्पष्ट नमूद व्हावा, असे ठरले. म्हणजे नोंद मुळातच नीट व्हावी अशी ही तजवीज होती. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. तेथूनच १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

१६/
कायद्याने सर्व प्रश्न सुटले नाहीत. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट काढली. मग कागदावर ‘विक्री’ असली तरी व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दुरुस्ती करून द्यावा लागला. कर्ज मिळणे काही ठिकाणी अधिक कठीण झाले. तरीही तत्त्व मोलाचे राहिले : नोंद हा पुरावा आहे, निकाल नाही. आणि नोंदीच्या मागे जाण्याची जबाबदारी निरक्षर शेतकऱ्यावर न टाकता न्यायालयावर टाकली गेली.

१७/
त्याच १८७९ सालची दुसरी घटना शिरूर तालुक्यातीलच. फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह धामारी येथे छापा घातला. फडक्यांची त्याआधीची ‘पार्श्वभूमी’ काय होती? पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यातील कारकून. कोणत्याही तपासणीत हा माणूस सरकारचा विश्वासू नोकर म्हणून उतरला असता. सरकारला त्यांचे मन उलगडले ते त्यांच्याच दैनंदिनीतून आणि आत्मचरित्रातून, आणि तेही खटल्यात पुरावा म्हणून. स्वच्छ दाखलाही किती कमी सांगतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

१८/
आता दुसरा कायदा. फडक्यांच्या साथीला आलेला रामोशी समाज पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करत आला होता. सरकारी नजरेत मात्र अशा अनेक समाजांवर संशयाचा शिक्का होता. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होतो, ही समजूत प्रशासनात रुजली होती. तिच्यातून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर पोहोचला आणि १९२४ मध्ये त्याची पुनर्रचना झाली.

१९/
या कायद्याची यंत्रणा म्हणजे नोंदवही. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की तिच्यातील माणसांची नावे वहीत चढत. बोटांचे ठसे घेता येत. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. राहते ठिकाण बदलले किंवा गाव सोडायचे झाले तर कळवावे लागे. काही कुटुंबांना सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या आत, ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले गेले. मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक शाळांत ठेवण्याची तरतूदही १९११ च्या कायद्यात होती. या वहीत नाव येण्यासाठी गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती. जन्म पुरेसा होता.

२०/
आणि आता ती दोन कलमे शेजारीशेजारी ठेवा. १८७९ च्या कायद्याचे बारावे कलम न्यायालयाला सांगते : व्यवहाराच्या मुळापर्यंत इतिहास तपासा, कुणी मागणी केली नसली तरी. गुन्हेगार जमाती कायदा सांगतो : सरकारने काढलेली अधिसूचना वैध आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने उपस्थित करू नये. राज्य एकच, काळ जवळपास एकच. कर्जदार शेतकऱ्याला कागदाच्या मागे जाण्याचा मार्ग मिळाला. नोंदवहीतील माणसासाठी तो मार्ग कायद्यानेच बंद केला.

२१/
हा फरक का पडला? माझे मत असे की १८७५ मध्ये रयतेने कागद जाळले आणि सरकारला भीती वाटली. भटक्या माणसांची संख्या थोडी, वस्त्या विखुरलेल्या, आणि गावातील प्रतिष्ठितांनाही त्यांच्यावरची पाळत सोयीची वाटत होती. त्यांच्यासाठी आयोग बसला तो फार उशिरा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, बंजारा, राज पारधी अशी चौदा नावे आहेत.

२२/
वही गेली, सवय राहिली. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमातीचे नाव नाही, व्यक्ती आहे. पण संशयाची जुनी वाट पोलिसांच्या पायाखालची होती. सराईत गुन्हेगाराच्या पोलीस नोंदीला आपण ‘हिस्ट्रीशीट’ म्हणतो. शब्द पुन्हा तोच : इतिहास! १८७९ च्या कलमात इतिहास म्हणजे शोध होता. इथे तो शोध घेण्याआधीच लिहून ठेवलेला निष्कर्ष होऊ शकतो.

२३/
ही जुनी गोष्ट नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की मागास आणि विमुक्त समाजांतील निरपराध माणसांची नावे पूर्वग्रहातून अशा नोंदींत चढता कामा नयेत. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता खटल्यात न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित तरतुदी रद्द केल्या; विमुक्तांना जन्मतः सराईत गुन्हेगार मानणाऱ्या दृष्टीचाही त्या निकालात समाचार घेतला आहे. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी हे सांगावे लागले.

२४/
नोकरीच्या दाखल्याबाबतही असाच विचार झाला आहे. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराने खटले, अटक यांची माहिती खरी द्यावी. लपवल्यास नोकरी जाऊ शकते. पण मालकानेही नोंद दिसली की डोळे मिटून नकार देऊ नये. गुन्ह्याचे स्वरूप, पदाची जबाबदारी, निर्दोष सुटका कशी झाली, हे पाहावे. तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे दुर्लक्ष करता येते. बाराव्या कलमाचा आत्मा इथे पुन्हा भेटतो.

२५/
मग पार्श्वभूमी तपासणीतून माणसाविषयी काय कळते? कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी हेतूने त्याच्याविषयी काय लिहिले, ते कळते. ते बिनमोलाचे नाही. खून लपवणारा माणूस आणि बांधावरच्या भांडणात नाव आलेला माणूस यांत फरक करायला नोंदी लागतातच. पण दाखल झालेला गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा वेगळा. रोख्यावरची रक्कम आणि हातात पडलेली रक्कम वेगळी. आणि कोरा दाखला म्हणजे कारकून फडके.

२६/
इतिहासाचे विद्यार्थी कोणत्याही कागदाला चार प्रश्न विचारायला शिकतात. हा कुणी लिहिला? केव्हा? कशासाठी? ज्याच्याविषयी लिहिला त्याला बोलू दिले का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर कागद फेकून द्यायचा नसतो. पण त्यावर निकालही द्यायचा नसतो. उद्या तुम्ही मनुष्यबळ विभागात बसाल, पोलीस ठाण्यात बसाल, बँकेत कर्जाचा अर्ज तपासाल. शेवटच्या पानावर थांबायचे की मागची पाने उलटायची, हे तेव्हा तुम्ही ठरवाल.

२७/
पुणे-नगर रस्त्याने रांजणगावच्या पुढे गेलात तर कर्डे जवळच आहे. सुप्याला जायचे तर दौंडकडून वाट फार लांबची नाही. १५० रुपयांच्या एका हुकूमनाम्यासाठी जिथे घर पाडायला घेतले गेले, तिथल्या माणसांनी राज्याला आपल्या कायद्यात ‘इतिहास तपासा’ असे लिहायला लावले. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आपल्याला अटकेच्या यादीतील आकड्यापलीकडे भेटत नाहीत. ९५१. तेवढीच त्यांची पार्श्वभूमी कागदावर उरली आहे.

धागा समाप्त. आपल्या गावच्या जुन्या दप्तरात ‘निशाणी नांगर’ असलेला रोखा कुणाकडे असेल तर जपून ठेवा, आणि वाचताना त्याच्या आधीचा रोखाही शोधा.